कडुलिंबाचा पहारा

आमच्या घरात तेव्हा मीठ चोरून खावं लागे. पिठाच्या डब्यामागे एका पुडीत आई माझ्यासाठी मीठ लपवून ठेवायची आणि मी ते भाजीच्या वाटीवर पाठ फिरवून चिमटीने भुरभुरवायची. कारण समोर माझा धाकटा भाऊ मिलिंद जेवायला बसलेला असे आणि मिलिंदला मीठ बंद होतं. तो दहा वर्षांचा, मी चौदाची. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात आईची एक किडनी काढून त्याच्या पोटात बसवली होती. हे मी इथे एका वाक्यात उरकते आहे, कारण त्या सहा महिन्यांबद्दल लिहायला बसले तर लिहिणं राहील बाजूला आणि रडणंच होईल. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं, मिलिंद नाशिकला घरी परत आला तेव्हाचं. परत आला तो हा एवढा गोल चेहरा घेऊन. गोळ्यांनी तोंड सुजलं होतं, पण कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, "मुंबईचं पाणी मानवलं हो पोराला!" त्याच गोळ्यांनी त्याला भूकही राक्षसासारखी लागायची. सकाळी तीन भाकऱ्या, दहा वाजता पुन्हा "आई, काहीतरी दे ना". माझ्या वाटणीचा गूळही तोच खायचा आणि मी ओरडले की आई म्हणायची, "असू दे गं, आजारी आहे." मी तशी जन्मापासूनच फटकळ. मी म्हणायची, "हा आजारी दिसतो का? आजारी तर मी दिसते!"

आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, आरोग्य खात्यात होते. आधी ते देवी टोचायचे. सायकलला पेटी बांधून खेडोपाडी हिंडायचे आणि त्यांची सायकल गावाच्या वेशीवर दिसली की पोरं झाडावर, बायका गोठ्यात आणि बाप्ये थेट शेतात पळायचे. पुढे जगातूनच देवी गेली, तेव्हा सरकारने त्यांच्या हातात दुसऱ्या लशी दिल्या. टोचणं हा दादांचा धर्मच होता म्हणा ना. कोणाच्या घरी बारशाला गेले तरी पाळण्यात वाकून आधी बाळाचा दंड बघायचे. अशा माणसाला मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, "याच्या अंगाने आईची किडनी परकी समजून हाकलू नये म्हणून आपण अंगातले पहारेकरी गोळ्या देऊन झोपवलेत. तेव्हा याला जिवंत जंतूंची लस एकही द्यायची नाही. गोवराची नाही, पोलिओचे थेंब नाहीत. तुम्ही टोचाल आणि तोच जंतू याच्यावर उलटेल."

दादांनी म्हणे दोन वेळा विचारलं, "एकही नाही?"

"एकही नाही. आणि गोवर-कांजिण्या झालेल्या पोरांच्या वाऱ्यालाही उभं करायचं नाही. बाकीच्या मुलांना जे आठ दिवस खाजवून जातं, ते याला घेऊन जाईल."

घाट चढून नाशिक येईपर्यंत दादा एक शब्द बोलले नाहीत, असं आई सांगायची. तालुकाभर पोरं टोचली आणि स्वतःचंच पोर उघडं राहिलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. पण दादा गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. देवीच्या मोहिमेत ते एक गोष्ट शिकले होते. रोगी सापडला की त्याच्याभोवतीच्या सगळ्या घरांना टोचायचं, म्हणजे रोगाला पुढे सरकायला वाटच उरत नाही. दादांनी ती युक्ती उलटी केली. मिलिंद मध्ये आणि भोवती टोचलेल्या पोरांचं कडं. गोवराची लस तेव्हा नुकतीच येऊ लागली होती. दादांनी कॉलनीतलं एक पोर सोडलं नाही. विहाराच्या ओट्यावर टेबल मांडून रविवारच्या रविवार टोचलं. ज्यांच्या आया "उद्या आणते" म्हणाल्या त्यांच्या दारात उद्या दादा हजर. कामावरून आले की मोरीत अंघोळ केल्याशिवाय मिलिंदजवळ जायचे नाहीत, कारण हाताला पोलिओचे थेंब लागलेले असत. आई चिडून म्हणायची, "दिवसातून तीनदा अंघोळ! हंडा कोण भरतं, तुमचं खातं?"

राहिल्या कांजिण्या. त्यांची लस तेव्हा आमच्याकडे नव्हतीच. (आता आहे. आता किडनी बदलण्याआधीच लहान मुलांना राहिलेल्या सगळ्या लशी टोचून मोकळे होतात. परवा शेजारची नात असंच टोचून घेताना किंचाळत होती, तेव्हा मला तिचा हेवाच वाटला.) कांजिण्या आल्या की कळणार कसं, हाच मोठा प्रश्न होता, कारण आरोग्य खात्याच्या माणसाला कोणी सांगायचं नाही. कांजिण्या हा आजार थोडाच? ती आई आलेली असते, पाहुणी असते. दाराच्या चौकटीला कडुलिंबाची फांदी खोचायची, घरात तळण बंद, फोडणी बंद, दहीभात करायचा आणि गप्प राहायचं. दादांनी उभी नोकरी या फांद्यांशी भांडण्यात घालवली होती. "बाई, हा विषाणू आहे, देवी नाही" हे वाक्य ते झोपेतही बोलायचे. आणि त्याच दादांनी एका संध्याकाळी कॉलनीतल्या बायकांना ओट्यावर जमवून हात जोडले. म्हणाले, "मला काही सांगू नका. फक्त पोराच्या अंगावर पुरळ दिसलं की दारावर फांदी लावा. तुमच्या पद्धतीने लावा, देवीला लावा, कोणालाही लावा, पण लावा."

बायका हरखल्या. एवढ्या वर्षांनी दादा शुद्धीवर आले असंच त्यांना वाटलं. त्यानंतर फांद्यांचं असं काही पेव फुटलं की विचारू नका. घामोळ्याला फांदी, गालगुंडाला फांदी, ढेकूण चावले तरी फांदी. एका बाईने तर नवऱ्याच्या केसतुडीलाही लावली आणि तो गृहस्थ आठ दिवस मान खाली घालून कामावर गेला. कॉलनीच्या कोपऱ्यावरचं कडुलिंबाचं झाड निम्मं बोडकं झालं. आणि या सगळ्याचा पहारा कोणी करायचा? अर्थात मी! रोज सकाळी शाळेआधी वही घेऊन फेरी मारायची, फांदी दिसली की दार वाजवून विचारायचं, कांजिण्या असतील तर धावत घरी सांगायचं, म्हणजे त्या बाजूला मिलिंदला पाठवायचं नाही. नसतील तर वहीत त्या घराच्या नावापुढे "ठीक" लिहायचं. मैत्रिणी मला पोस्टमन म्हणायच्या. मी मनातल्या मनात मिलिंदला, त्याच्या किडनीला आणि कडुलिंबाला शिव्या घालत हिंडायची.

कॉलनीच्या एका टोकाला विहार, दुसऱ्या टोकाला खैरनार मामांची पिठाची गिरणी. त्या गिरणीचा थप्-थप् आवाज म्हणजे आमचं घड्याळ. तो सुरू झाला की सकाळचे आठ आणि थांबला की जेवायची वेळ. मामा सटाण्याकडचे. भला थोरला देह, पूर्वी तालमीत जायचे, भुवयांवर कायम पीठ. मी डबा घेऊन गेले की "ये सुजी, ठेव" म्हणायचे आणि रांग मोडून माझं दळण आधी घालायचे. पण दादा पेटी घेऊन रस्त्याने दिसले की हा पहिलवान माणूस गिरणीत आत जाऊन चाळणीमागे उभा राहायचा. त्याला कारण होतं. देवीच्या मोहिमेत दादा मामांच्या गावी गेले होते, तेव्हा मामा सुईच्या भीतीने धान्याच्या कणगीत जाऊन बसले. दादा बाहेर दोन तास शेंगदाणे खात बसून राहिले. शेवटी कणगीच्या मागच्या बाजूला भगदाड पाडून मामा कांद्याच्या शेतातून जे पळाले, ते तीन दिवसांनी परतले. दादांनी वहीत त्यांच्या नावापुढे "पळाला" असं लिहिलं होतं. मग काही वर्षांनी दोघं येऊन राहिले एकाच कॉलनीत. मामा त्यांच्या अहिराणी वळणात म्हणायचे, "आमच्या नशिबातच हा माणूस शे."

होळीच्या आठवडाभर आधी गिरणी एकाएकी बंद पडली. "पट्टा तुटलाय," मामी म्हणाल्या. दहा दिवस मी डोक्यावर डबा घेऊन नाक्यापलीकडच्या गिरणीत गेले, तिथल्या माणसाशी जाडसर-बारीकवरून भांडले आणि मामांच्या पट्ट्यालाही शिव्यांच्या यादीत घातलं. त्या दहा दिवसांत एकदा त्यांच्या दोरीवर मामांचं बनियन वाळत होतं, कमरेपाशी लालभडक डागांचं. नाशिकला रंग खेळतात रंगपंचमीला आणि तिला अजून अवकाश होता. मला वाटलं, मामा यंदा लवकरच रंगले. मग गिरणी सुरू झाली आणि मी ते विसरून गेले.

आता पाडव्याची सकाळ. आमच्या घरी गुढी उभारत नसत, त्यामुळे फांद्यांचं ठरवताना पाडवा दादांच्या डोक्यातच आला नव्हता. आमचा सण पुढे, जयंतीचा. मी वही घेऊन बाहेर पडले आणि बघते तर काय, निम्म्या कॉलनीवर कडुलिंब! प्रत्येक गुढीला साखरेची गाठी, रेशमी खण आणि कडुलिंबाचा डहाळा. मी कपाळाला हात लावला. शाळेला सुट्टी, मैत्रिणीकडे श्रीखंडाचं आमंत्रण, आणि मी काय चाळीस दारं वाजवत बसू? सरळ चालत गेले आणि सगळ्यांपुढे "ठीक, ठीक, ठीक" लिहीत सुटले. खैरनारांच्या दारासमोर मात्र माझे पाय क्षणभर थांबले होते. त्यांच्या गुढीला डहाळा होताच, पण दाराच्या चौकटीतही एक फांदी वेगळी खोचलेली होती. मी ती पाहिली. हे मी कोणाला बरीच वर्षं सांगितलं नाही, आज लिहिते आहे. मी ती पाहिली, मनात म्हटलं "मरो", आणि "ठीक" लिहिलं.

दुपारी मी मैत्रिणीकडून आले तेव्हा मिलिंद ओट्यावर बसला होता, गळ्यात साखरेची गाठी, तोंडाला काहीतरी पिवळं लागलेलं. दादा आत पेपर वाचत होते.

"कुठे गेला होतास रे?" आईने विचारलं.

"मामींकडे. चिंगीने बोलावलं." चिंगी म्हणजे मामांची पाच वर्षांची नात. "तिनेच गाठी घातली. आम्ही एका वाटीत श्रीखंड खाल्लं. पण आई, त्यांच्याकडे पुऱ्या नव्हत्या."

दादांचा पेपर खाली आला. "काय नव्हतं?"

"पुऱ्या. नुसतंच श्रीखंड."

दादा उठले. त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. पाडव्याला श्रीखंड आहे आणि पुऱ्या नाहीत, याचा अर्थ त्या घरात कढई चढलेली नाही. कढई चढलेली नाही, याचा अर्थ घरात पाहुणी आहे. उभ्या नोकरीत जे कोणी त्यांना सांगितलं नाही, ते दादा लोकांच्या चुलीवरून ओळखायला शिकले होते. ते अनवाणीच धावले. मी मागे. मामींच्या घरात चिंगी चादरीवर बसून पाठ खाजवत होती, अंगभर पाण्याने भरलेले फोड. मामी गोंधळून म्हणाल्या, "अहो दादा, फांदी तर लावली होती ना कालपासून! सुजी सकाळी बघून गेली, वहीत लिहूनसुद्धा गेली. मला वाटलं, चालत असेल. आणि म्हटलं, आई घरात आहे तर पोराला तिचा प्रसाद पोटात गेलेला बरा. एवढं दुखणं सोसलंय लेकराने." त्यांच्या डोळ्यांत इतकी माया होती की दादांना ओरडताही येईना. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांचे उपकार मानले असते.

नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात फोन होता. मुंबईचा कॉल लागायला दीड तास गेला. दादा ओरडून बोलत होते आणि पलीकडून डॉक्टरीणबाई ओरडत होत्या. कांजिण्यांवरचं खास इंजेक्शन देशात मिळत नव्हतं. एकच उपाय होता. नागीण आणि कांजिण्या यांचा विषाणू एकच, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ज्याला महिन्याभरात नागीण होऊन बरी झाली आहे, त्याच्या रक्तात या विषाणूला ओळखणारे ताजे पहारेकरी भरपूर असतात. त्याच्या रक्तातलं पाणी मिलिंदला चढवायचं. "चार दिवसांच्या आत," बाई म्हणाल्या. "एक दिवस तर आजच गेला. माणूस शोधा आणि घेऊन या."

माणूस शोधा! नागीण झाली असं कोण कबूल करतं? तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपला, नाव घेतलं की ती पुन्हा जागी होते, अशी लोकांची समजूत. दादांनी सायकल काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते सायखेड्यापर्यंत जाऊन आले. एक जण सापडला, त्याला होऊन दोन वर्षं झाली होती. दुसऱ्याला नागीण नव्हे, नायटा होता. तिसऱ्याने तर दादांच्या अंगावर कुत्रं सोडलं. दादा ओट्यावर येऊन बसले आणि आईने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मिलिंद आत खात होता. आई एवढंच म्हणाली, "माझी दुसरी किडनीही काढा म्हणावं, पण काहीतरी करा." मी कोपऱ्यात उभी होते. मला रडू येत होतं आणि रडायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटत होतं. आणि अशात, देव जाणे कसं, मला ते दोरीवरचं बनियन आठवलं.

"दादा, नागिणीला काय लावतात?"

"गेरू लावतात. कमरेभोवती. अडाणीपणा नुसता."

"मग मामांचा पट्टा तुटला नव्हता."

मग मी सगळं सांगितलं. दहा दिवस बंद असलेली गिरणी, रंगपंचमीच्या आधीचा लाल रंग, तोही फक्त कमरेपाशी. दादा उठले आणि पुन्हा अनवाणी निघाले.

मामा पोत्यावर बसून विडी ओढत होते. दादांना बघून त्यांनी सवयीने चाळणीकडे नजर टाकली. "मला नागीण? छ्या! कोण म्हणतं?"

"कोण म्हणतं काय?" मामी आतून आल्या. "दहा दिवस गेरू मी लावलाय या हातांनी! रात्रंदिवस 'आई गं, मेलो गं' चाललं होतं. कॉलनीला कळलं तर पहिलवानकीला बट्टा लागेल म्हणून गिरणीचा पट्टा तोडला यांनी स्वतः."

दादांनी मग मामांना समजावून सांगितलं. तुमच्या नागिणीतून चिंगीला कांजिण्या आल्या, चिंगीकडून त्या मिलिंदकडे गेल्या असतील. आणि आता पोराला वाचवणारं जे काही आहे, तेही तुमच्याच रक्तात आहे. मामांच्या बोटांतली विडी विझून गेली. मग ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "रक्त काढायचं म्हणजे सुईनेच?"

"सुईनेच."

"बारीक का जाड?"

दादा आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. "जाड," ते म्हणाले.

मामांनी डोळे मिटले. म्हणाले, "सुजीला संगे घ्या. ती पोरगी हात धरंल तर येतो. आणि कोणी हसायचं नाही."

पहाटे आम्ही भाड्याच्या जीपने निघालो. पुढे आई आणि मिलिंद, मिलिंदच्या तोंडाला रुमाल. मागे दादा, मी आणि मध्ये मामा, नवी टोपी घातलेले, मांडीवर मामींनी दिलेला नारळ. कसाऱ्याच्या घाटात मामांना दोनदा उलटी झाली, आणि ती गाडीमुळे नव्हती हे सगळ्यांना कळत होतं. पुढून मिलिंद विचारत होता, "मामा, नारळ फोडायचा का? भूक लागली." मुंबईत रक्तपेढीच्या माणसाने गट तपासला, सगळं जुळलं, आणि मग ती सुई बाहेर आली. मामांनी माझा हात असा आवळला की माझी बांगडी पिचकली. त्यांची मराठी त्या क्षणी पार पळून गेली. "माले सुईनी भीती वाटस, दादा," ते लहान पोरासारखं म्हणाले. दादा त्यांच्या डोक्याशी उभे होते. दादांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "माहीत आहे. मी दोन तास कणगीबाहेर बसलो होतो." मामा हसले आणि तेवढ्यात सुई आत गेली. मग पिशवी भरेपर्यंत ते पुटपुटत होते, "ओ आई सप्तशृंगी, पोरगं वाचू दे. वाचलं तर यांच्या हातची ती राहिलेली टोचून घेईन. नवस शे मना." दादांचा नवसावर काडीचा विश्वास नव्हता, पण ते ऐकून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

त्या रक्तातलं पिवळसर पाणी मिलिंदला चढवलं आणि आम्ही चार आठवडे वाट बघायची शिक्षा घेऊन घरी आलो. आल्याबरोबर दादांनी एक गोष्ट केली, जिच्याबद्दल कॉलनी पुढे कित्येक वर्षं बोलली. त्यांनी कोपऱ्यावरच्या बोडक्या झाडाची एक फांदी तोडली आणि आमच्या चौकटीला खोचली. कोणी पोर आत येऊ नये म्हणून. विहारातले म्हातारे दोन दिवस दादांशी बोलले नाहीत. बायकांनी मात्र दहीभाताच्या वाट्यांची उंबऱ्यावर रांग लावली, त्या सगळ्या मिलिंदने संपवल्या. जयंतीची मिरवणूक आमच्या गल्लीत आली तेव्हा बँडवाले थांबले आणि मिलिंदला खिडकीतून दिसावं म्हणून तिथेच अर्धा तास वाजवत राहिले. रोज सकाळी दादा त्याला उघडा करून बॅटरीच्या उजेडात इंच न् इंच अंग बघायचे. मी दाराआड उभी असायची. सतराव्या दिवशी पाठीवर तीन फोड दिसले. त्या दिवशी आमच्या घरात मिलिंद सोडून कोणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी फोड तीनच. तिसऱ्या दिवशीही तीनच. मग त्यांच्यावर खपल्या धरल्या आणि डॉक्टरीणबाई फोनवर एवढ्या मोठ्याने हसल्या की दुकानदारालाही ऐकू आलं. "तीनवर भागलं! तो रक्त देणारा माणूस कोण हो? पैलवान आहे का?"

(आईची किडनी पुढे सतरा वर्षं चालली. आता त्याच्या पोटात माझी आहे. पन्नाशीतही तो माझ्या ताटातला गूळ उचलतो, आणि आता तर म्हणतो, "तुझ्याच किडनीला हवाय.")

चार आठवडे पुरे झाले त्या सकाळी दादांनी फांदी काढली. तासाभराने खैरनार मामा दारात उभे. स्वच्छ अंघोळ केलेली, नवी टोपी, डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर केलेली. आमच्या सगळ्या कॉलनीत देवीची खूण नसलेला तेवढा एकच मोठा दंड होता.

"टोचा," मामा म्हणाले. "ती राहिलेली."

"कोणती? देवीची?" दादा गडबडले. "अहो, देवी गेली जगातून. आता ती लसच देत नाहीत."

"म्हणजे?" मामांचा चेहरा पडला. "मी पळालो ते पळालो आणि जिंकलो?"

"तसंच म्हणा."

"ते नाही चालणार. नवस बोललोय. काहीतरी टोचाच."

दादा आत गेले आणि पेटी घेऊन आले. "गिरणीत खिळे-पत्रे लागतात तुम्हाला. धनुर्वाताचं देतो." त्यांनी स्टोव्हवर सुई उकळली. मामांनी माझ्याकडे हात पुढे केला आणि मी तो दोन्ही हातांनी धरला. या वेळी बांगडी काढून ठेवली होती. दादांनी दंड पुसला, टोचलं, कापूस दाबला.

"झालं?" मामांनी विचारलं.

"झालं."

"एवढ्यासाठी मी कणगी फोडली होती?"

मिलिंद आतून आला. महिन्यानंतर पहिल्यांदा तो तोंडाला रुमाल न लावता ओट्यावर आला होता, हातात भाकरीचा तुकडा. तो मामांच्या अगदी जवळ जाऊन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"मामा, तुम्ही रडताय?"

"नाही रे," मामा बाहीने डोळे पुसत म्हणाले. "पीठ गेलं डोळ्यात."

गिरणी त्या दिवशी सकाळपासून बंद होती.